रोग नसलेल्या गाठीची नोंद कुठे करावी याबाबत

दिनांक : २६ जून

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग उपचार व पाठपुरावा विभाग,
मुख्य रुग्णालय, नवी इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : रुग्णसंचिका क्र. ७/२२१४ (सेवानिवृत्त अभिलेखपाल, आपलाच अभिलेख कक्ष)

विषय : माझ्या उजव्या काखेतील गाठ कर्करोगाची नसल्याने ‘पुनरुद्भव’ ही नोंद दुरुस्त करून ती गाठ १४ जुलैच्या आत काढू देण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. २६ मार्च, २० एप्रिल व १८ मे.
२) सुईतपासणीचा अहवाल, दि. २३ मार्च.
३) आपले पत्र, दि. १२ जून.
४) परिपत्रक क्र. ३१, अकरा वर्षांपूर्वीचे. (आपल्या पत्रात उल्लेख आहे, प्रत जोडलेली नव्हती.)

महोदय,

१. मी या रुग्णालयात एकोणतीस वर्षे नोकरी केली आणि सात वर्षे उपचार घेत आहे. त्यातली पाच वर्षे दोन्ही एकदम केले. सात वर्षांपूर्वी माझ्या उजव्या स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. हा रोग झालेल्या शंभर जणांत एखादाच पुरुष असतो, असे त्या वेळी मला सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्याचा सूर बक्षीस लागल्याची बातमी देणाऱ्याचा होता. संगणकाला ते अजून पटलेले नाही. तपासणीची आठवण करून देणारे संदेश मला आजही ‘ताई, आपली तारीख जवळ आली आहे’ असेच येतात. त्याबाबत माझी काही तक्रार नाही. घरातही आता कधीमधी ‘ताई, जेवायला या’ अशी हाक येते आणि मी ओ देतो. सांगायचे एवढेच की, दुर्मिळ असण्याचा मला सराव आहे. प्रस्तुत अर्ज दुसऱ्यांदा दुर्मिळ झाल्याबद्दल आहे.

२. शस्त्रक्रियेनंतर माझ्या नऊ पाठपुरावा तपासण्या झाल्या. प्रत्येक वेळी ‘सद्यःस्थिती’ या रकान्यात ‘रोगमुक्त’ अशी नोंद झाली. दहावी तपासणी ४ मार्च रोजी झाली. त्या वेळच्या स्कॅनमध्ये उजव्या काखेत एक जागा उजळलेली दिसली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर ‘पुनरुद्भवाचा संशय, सुईने तपासणी व्हावी’ असे लिहिले. त्यांचे काही चुकले नाही. ज्याला एकदा कर्करोग झाला, त्याच्या काखेत, त्याच बाजूला गाठ उजळली तर कुणालाही प्रथम तेच वाटेल. मलाही तेच वाटले.

परंतु ‘सद्यःस्थिती’ या रकान्यात तीनच पर्याय आहेत : ‘रोगमुक्त’, ‘पुनरुद्भव’ आणि ‘मयत’. संशयाला त्यात जागा नाही. नोंद करणाऱ्याने तिन्हींपैकी जवळचा पर्याय निवडला. तीन पर्यायांत तोच जवळचा होता, हे मीही मान्य करतो.

३. पुढचे एकोणीस दिवस आमच्या घरी जे झाले त्याचा या कार्यालयाशी संबंध नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पत्नीने घरातली सर्व कपाटे आवरली, ज्यांत काही नव्हते तीसुद्धा. मुलगी परगावाहून आली आणि मला काहीही झालेले नाही असे दाखवण्यासाठी माझ्याशी दिवसभर भांडत राहिली. मेहुणे भेटायला आले, दारातच त्यांना हुंदका फुटला, आणि मीच त्यांना पाणी देऊन ‘होईल सगळं ठीक’ असे सांगितले. मी स्वतः कुलपे, विजेचे मीटर आणि गॅसची तोटी कुठे आहे हे पत्नीला समजावून सांगितले. ती म्हणाली, “तीस वर्षं मीच बंद करत्ये ती तोटी.”

२३ मार्च रोजी सुईतपासणीचा अहवाल आला. गाठीचा नमुना तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. मला जांभळे सुतरफेणीसारखे काही तरी दिसले. ते म्हणाले, “काका, हा कर्करोग नाही. नसेच्या आवरणाची गाठ आहे. साधी, निरुपद्रवी. पण अशा जागी, आणि स्कॅनमध्ये अशी झगझगणारी, वर्षातून एखादी दिसते. भल्याभल्यांना फसवते.” खात्री म्हणून त्यांनी आपल्या गुरूंकडूनही काचेची पट्टी वाचून घेतली. दोघांच्या सह्या अहवालावर आहेत. घरी आल्यावर पत्नीने विचारले, “मग आता गाठ आहे याचं दुःख करायचं, की गाठच आहे याचा आनंद?” आम्ही दोन्ही थोडे थोडे केले.

४. येथवर कुणाचीही चूक नाही. यापुढेही कुणाची आढळत नाही, हीच माझी मुख्य अडचण आहे.

५. ही गाठ निरुपद्रवी असली तरी रिकामटेकडी नाही. ती हाताकडे जाणाऱ्या नसांवर बसलेली आहे. मार्चमध्ये माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या येत. एप्रिलमध्ये अंगठ्याशेजारची दोन बोटे त्यात सामील झाली. सध्या मला शर्टाची बटणे लावता येत नाहीत, किल्ली कुलपात फिरवता येत नाही, आणि कप हातात आहे की नाही हे कळण्यासाठी त्याच्याकडे बघत राहावे लागते. आपल्याच विभागातील शल्यचिकित्सकांनी १४ एप्रिल रोजी मला तपासून सांगितले की, तीन महिन्यांत गाठ काढली तर बोटे परत येतील. त्यानंतर ते शब्द देऊ शकत नाहीत. म्हणून विषयात १४ जुलै ही तारीख आहे. ती मी मनाने घातलेली नाही.

तेच डॉक्टर पुढे म्हणाले, “मला दोन तासांचं काम आहे. फक्त यादीत नाव येऊ द्या.”

६. यादीत नाव येण्याबाबतची वस्तुस्थिती अशी. नव्या इमारतीत केवळ कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होतात. माझ्या अहवालानुसार मला कर्करोग नाही, सबब माझे नाव तेथील यादीत येऊ शकत नाही. साध्या गाठी जुन्या इमारतीतील सामान्य शस्त्रक्रिया विभागात काढतात. माझ्या संचिकेनुसार मला कर्करोग आहे, सबब माझे नाव तेथीलही यादीत येऊ शकत नाही. दोन्ही इमारतींना जोडणारा दुसऱ्या मजल्यावरचा पूल चौसष्ट पावलांचा आहे. त्याच्या मध्यावर एक बाक आहे. एप्रिलपासून मी त्या बाकावर बऱ्याच वेळा बसलो आहे. एका टोकाला मी आजारी असतो आणि दुसऱ्या टोकाला बरा. बाकावर मात्र दोन्ही बाजूंनी कुणी काही म्हणत नाही. पुलावरच्या सफाई कामगार बाई आता मला ओळखतात. पाय वर घ्या असे न सांगता त्या माझ्याभोवतीने पुसून जातात.

७. ६ मे रोजी माझे प्रकरण उपचार समितीपुढे आले. समितीच्या पाचही डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि हा कर्करोग नाही यावर एकमत झाले. आपण स्वतः अध्यक्षस्थानी होतात. आपण उठून माझे अभिनंदन केलेत व हस्तांदोलन केलेत. आपण माझा उजवा हात धरलात. मला ते जाणवले नाही, पण दिसले. त्यानंतर समितीचा छापील निर्णय बाहेर आला. ‘सद्यःस्थिती’च्या रकान्यात संगणकाने जे आणले त्यानुसार खालचे वाक्यही संगणकानेच आणले होते : ‘पुनरुद्भवाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे औषधोपचार सुरू करावेत.’ त्याखाली पाचही सह्या आहेत. सह्यांची जागा वाक्याच्या खाली असल्याने त्या तेथे होणे क्रमप्राप्त होते.

८. औषधोपचाराच्या पहिल्या तारखेस, म्हणजे २० मे रोजी, मी गैरसमज दूर करण्याच्या हेतूने हजर राहिलो. सिस्टर अत्यंत प्रेमळ होत्या. मी बोलत असतानाच त्यांनी मला खुर्चीत बसवले, पाठीशी उशी दिली आणि “काका, डावा हात सैल सोडा बघू” असे म्हणाल्या. मी अहवाल पुढे केला. त्या म्हणाल्या, “डॉक्टर राउंडला येतील तेव्हा दाखवा हं. तोवर सुई लावून ठेवू.” मी लघुशंकेचे निमित्त सांगून निघालो आणि पुलापर्यंत न थांबता आलो. उशी चुकून माझ्याबरोबर आली. ती दुसऱ्या दिवशी परत केली असून पोच सोबत जोडली आहे. सिस्टरांची फसवणूक केल्याबद्दल दिलगीर आहे.

या प्रकारामुळे मला समुपदेशकांकडे पाठवण्यात आले. बाई समंजस होत्या. मी म्हणालो, मला कर्करोग नाही. त्या म्हणाल्या, “असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.” मी अहवाल दाखवला. त्या म्हणाल्या, “अहवाल आणलात, छान केलंत. बरेच जण आणतात.” मी आवाज चढवला. त्यांनी एक ओळ लिहिली. मी गप्प बसलो. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. माझ्या संचिकेत आता ‘नकाराची अवस्था, त्यानंतर राग, त्यानंतर खिन्नता, प्रगती समाधानकारक’ असा शेरा आहे. बावीस मिनिटांत एवढी प्रगती केलेला मी त्यांचा पहिलाच रुग्ण असल्याचे त्यांनी कौतुकाने सांगितले.

दुसऱ्या तारखेस मी गेलो नाही. तिसरी तारीख ८ जुलै आहे. सलग दोनदा गैरहजर राहिल्यास संचिका ‘स्वेच्छेने उपचार सोडले’ या शेऱ्याने बंद होते, आणि बंद संचिकेच्या रुग्णावर या रुग्णालयात कोणतीही शस्त्रक्रिया होत नाही. हजर राहिलो तर नको असलेले औषध अंगात जाईल. न राहिलो तर हात जाईल.

९. नोंद दुरुस्तीसाठी मी प्रथम खिडकी क्र. ४ वर गेलो होतो. तेथे असलेल्या कनिष्ठ अभिलेखपालांना सर्व जण ‘टाचणी’ म्हणतात, कारण त्यांच्या हातून सुटा कागद कधी पुढे जात नाही. त्यांना मीच शिकवले आहे. त्यांनी तिन्ही पर्याय माझ्यासमोर एकेक करून तपासले. “सर, ‘रोगमुक्त’ टाकता येत नाही, कारण गाठ तर आहे. ‘मयत’ तर प्रश्नच नाही. मग राहतं काय?” मी म्हणालो, अगं, पण मला तो रोग नाही. ती म्हणाली, “मला कळतंय हो सर. पण तुम्हीच सांगायचात ना, कागद बोलतो, माणूस बोलत नाही?” मी तसे सांगत असे. दर सोमवारी सांगत असे.

सदर कर्मचाऱ्याने मला मदत करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन तिने हलक्या आवाजात एक मार्गही सुचवला. ‘मयत’ अशी नोंद करून जुनी संचिका बंद करावी, दुसऱ्या दिवशी नवा रुग्ण म्हणून साध्या गाठीची नवी संचिका उघडावी. एका दिवसाचे काम. मी घरी येऊन तो पर्याय मांडला. पत्नी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “कागदावरसुद्धा नाही,” म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “सात वर्षं तुमच्या मागे गोळ्या घेऊन फिरले ती काय एका दिवसाच्या कामासाठी?” सबब तो मार्ग बंद आहे.

१०. माझ्या तिसऱ्या अर्जास आपले उत्तर १२ जून रोजी मिळाले. त्यात आपण कळवले आहे की, पूर्वी ‘सद्यःस्थिती’च्या रकान्यात ‘इतर’ असा चौथा पर्याय होता; तो परिपत्रक क्र. ३१ अन्वये बंद झाला आहे. आणि यादीत बदल करायचा तर त्याच परिपत्रकाच्या कलम ७ नुसार मूळ प्रस्तावकाचा लेखी अभिप्राय, त्याची सही दप्तरातील नमुना सहीशी पडताळून, घ्यावा लागेल. मूळ प्रस्तावक कोण, याचा शोध सुरू असल्याचेही आपण कळवले आहे.

परिपत्रकाची प्रत मागण्यासाठी मी खिडकी क्र. ४ वर गेलो. टाचणी उठून आत गेली, बऱ्याच वेळाने आली आणि काचेखालून एक कागद माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे न बघता तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

११. महोदय, शोध थांबवण्यास हरकत नाही. मूळ प्रस्तावक मी आहे.

ते परिपत्रक मला आठवत नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पहिल्या दिवसापासून आठवत होते. ते दुसऱ्या कुणाला आठवू नये, इतकीच माझी इच्छा होती, आणि तीन अर्ज त्या इच्छेत गेले.

अकरा वर्षांपूर्वी ‘इतर’ या पर्यायाखाली चारशे बारा रुग्ण जमले होते. माझ्या मते तो कर्मचाऱ्यांचा आळस होता. विचार करायचा कंटाळा आला की ‘इतर’. तक्ता छापून आला की उजव्या कोपऱ्यात ती चारशे बारांची गठडी दिसे आणि माझ्या डोक्यात तिडीक जाई. मला पाठीमागे ‘रकाना’ म्हणत, हे मला ठाऊक होते आणि ते मला आवडत असे. मी प्रस्ताव दिला. ‘इतर’ बंद झाले. चारशे बारा रुग्ण मी एका आठवड्यात उरलेल्या तीन पर्यायांत बसवले. कुणी पुढे ते पुन्हा उघडू नये म्हणून कलम ७ मी स्वतःच्या हाताने घातले. मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. मे महिन्यात पत्नीने ते भिंतीकडे तोंड करून लावले.

१२. त्या चारशे बारांपैकी एक शिलाईकाम करणाऱ्या बाई होत्या. कर्करोगातून बऱ्या झालेल्या. त्यांच्या पाठीत, खांद्याच्या फऱ्याखाली गाठ आली होती. त्या आपल्या नणंदेला घेऊन माझ्या खिडकीवर चार वेळा आल्या. “साहेब, डॉक्टर म्हणाले हे ते नाही, दुसरंच काही तरी आहे. मग तुम्ही ते कशाला लिहिलंत?” मी म्हणालो, “बाई, मी काही लिहीत नाही. जे जिथं बसतं ते बसतं.” चौथ्या वेळी नणंद भांडली. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि विचारले, “साहेब, मग आम्ही कुठं बसायचं?” मला तो उद्धटपणा वाटला. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या पुन्हा आल्या नाहीत. प्रकरण मिटले असे मी समजलो. गेल्या आठवड्यात टाचणीकडून त्यांची नोंद पाहून घेतली. औषधाच्या दोन खेपा, त्यानंतर ‘स्वेच्छेने उपचार सोडले’. त्यापुढे काही नाही.

१३. तरी विनंती की,

(अ) मूळ प्रस्तावक या नात्याने माझा अभिप्राय असा नोंदवून घ्यावा की, ‘इतर’ बंद करणे ही चूक होती आणि ती पूर्णपणे माझी होती. ‘इतर’ हा शब्द आपणांस मोघम वाटत असल्यास ‘गाठ आहे, तो रोग नाही’ असा पर्याय घालावा. लांब आहे, रकाना रुंद करावा लागेल. पूर्वी मी अशी सूचना फेटाळली असती.

(आ) माझी नोंद त्या पर्यायात हलवून ८ जुलैची तारीख रद्द करावी व शस्त्रक्रिया १४ जुलैच्या आत व्हावी. कोणत्या इमारतीत, याबाबत माझा आग्रह नाही. पुलावरही चालेल.

(इ) त्या चारशे बारा जणांच्या संचिका काढून बघाव्यात. बाईंच्या संचिकेपासून सुरुवात करावी. त्यांचा पत्ता सापडल्यास मला कळवावा, मी स्वतः जाईन. हे काम करण्यास मी बिनपगारी तयार आहे. मात्र कागद उलटण्यापुरती बोटे परत मिळावीत.

१४. एक तांत्रिक अडचण उरते. कलम ७ प्रमाणे माझी सही अकरा वर्षांपूर्वीच्या नमुना सहीशी पडताळली जाईल. ती नमुना सही उजव्या हाताची आहे. सुरेख आहे, शेवटी एक लांब फराटा आहे, ज्याचा मला अभिमान असे. हा अर्ज मी डाव्या हाताच्या एका बोटाने टंकलिखित केला असून खालची सही डाव्या हाताची आहे. ती जुळणार नाही. सही जुळल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही आणि शस्त्रक्रिया झाल्याशिवाय सही जुळणार नाही. हे कलम लिहिताना मी सर्व शक्यतांचा विचार केला आहे असे प्रशस्तिपत्रात म्हटले आहे.

तथापि, सही माझीच असल्याचा पुरावा म्हणून सोबतचा कागद क्र. ५ जोडला आहे. तो कृपया आपण स्वतः पाहावा, खिडकीकडे पाठवू नये.

आपला नम्र, आणि तिसरा पर्याय अद्याप लागू न झालेला,

(सही, डाव्या हाताची)
रुग्णसंचिका क्र. ७/२२१४
माजी अभिलेखपाल, परिपत्रक क्र. ३१ चा प्रस्तावक

सही माझ्यासमोर झाली : (सही) अर्जदाराची पत्नी

सोबत :
१) सुईतपासणीचा अहवाल, दोन डॉक्टरांच्या सह्यांसह.
२) समितीचा निर्णय, पाच सह्यांसह.
३) उशी परत केल्याची पोच.
४) परिपत्रक क्र. ३१ ची प्रत.
५) एका कोऱ्या कागदावर उजव्या हाताने केलेल्या माझ्या चौदा सह्या, २३ मार्चपासून दर आठवड्यास एक, तारखांसह. वरून खाली क्रमाने पाहाव्यात. शेवटच्या दोन तारखांपुढे काही दिसत नसले, तरी तेथेही सही केलेली आहे.